सुपरसॉनिक विमानाचा जमाखर्च

ज्या काळात आपल्याकडे बजाजच्या स्कूटरसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबरची वाट बघत होते, त्या काळात एअर इंडियानंही एका विमानासाठी नंबर लावून ठेवला होता. विमान होतं कॉन्कॉर्ड. आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणारी दोन कॉन्कॉर्ड मुंबईच्या या कंपनीला हवी होती. पक्की खरेदी नव्हती ती. इसार देऊन रांगेत जागा धरावी तसा प्रकार होता. पॅन अ‍ॅम, टीडब्ल्यूए, लुफ्तान्सा, जपान एअरलाइन्स, क्वान्टास अशा जगातल्या जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्या त्याच रांगेत होत्या. पुढे एकेक करून सगळ्या रांगेतून बाहेर पडल्या. उरल्या दोनच, त्याही ज्या दोन सरकारांनी ते विमान बांधलं त्यांच्या स्वतःच्या: ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स.

एअर इंडियाचं बोइंग ७०७ हे जेट विमान १९६० साली मुंबईहून लंडनला आणि तिथून न्यूयॉर्कला जाऊ लागलं. ते साधारण ताशी ९०० किलोमीटरनं उडायचं. आज तुम्ही मुंबईहून परदेशी जाणाऱ्या कुठल्याही नव्याकोऱ्या विमानात बसा, वेग तेवढाच. साठ-पासष्ट वर्षांत फोन, मोटारी, दवाखाने सगळं ओळखू येणार नाही इतकं बदललं, पण विमानाचा वेग होता तिथेच राहिला. तंत्रज्ञान कमी पडलं असं म्हणावं, तर कॉन्कॉर्डनं २७ वर्षं रोजच्या रोज प्रवासी नेले. मग अडलं कुठे?

माझं म्हणणं असं, की ते हिशेबात अडलं, आणि हा हिशेब तीन ठिकाणी अडतो: हवेत, जमिनीवर आणि कारखान्यात. तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एक सोडवून भागत नाही.

आधी हवा. होडी संथ चालली की पाणी तिच्यासमोरून शांतपणे बाजूला होतं. तीच होडी जोरात हाकली, की नाकाशी लाट उठते आणि इंजिनाची बरीचशी ताकद ती लाट ढकलण्यातच जाते. हवेचंही असंच आहे. विमान येतंय ही वर्दी पुढच्या हवेला आवाजाच्या वेगानं मिळते. जमिनीलगत हा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो आणि अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत सुमारे १,०६० किलोमीटर. विमान त्याहून वेगात आलं तर हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती एकदम दाबली जाते आणि दाबाच्या लाटा तयार होतात. या लाटा उठवण्याचा खर्च इंधनातून द्यावा लागतो.

किती खर्च? विमानाची कार्यक्षमता मोजायचं एक सोपं माप आहे: हवेचा एक किलो विरोध सोसून विमान किती किलो वजन पेलतं. बोइंग ७४७ साधारण १७ किलो पेलायचं. कॉन्कॉर्ड आवाजाच्या दुप्पट वेगात असताना सातच्या थोडं वर. म्हणजे तेवढंच वजन हवेत ठेवायला दुपटीहून जास्त जोर. उड्डाणाच्या वेळी कॉन्कॉर्डचं कमाल वजन सुमारे १८५ टन असायचं. त्यातलं ९५ टनांच्या आसपास नुसतं इंधन! सांगाडा, इंजिनं, चाकं वगैरे धरून ७८-७९ टन. उरलेल्या दहा-बारा टनांत शंभर माणसं आणि त्यांच्या बॅगा. पैसे देणारा माल एकूण वजनाच्या जेमतेम सहा-सात टक्के. अटलांटिक ओलांडताना एका प्रवाशामागे पाऊण ते एक टन इंधन जळायचं.

याच्या शेजारी ७४७ ठेवून बघा. ते पहिल्यांदा उडालं ९ फेब्रुवारी १९६९ ला, आणि कॉन्कॉर्ड त्याच वर्षी २ मार्चला. मध्ये तीनच आठवडे. दोन्ही विमानं म्हणजे उद्याच्या प्रवासाबद्दलची दोन वेगळी उत्तरं होती. एक म्हणत होतं, थोड्यांना झटपट न्या. दुसरं म्हणत होतं, साडेतीनशे-चारशे जणांना एकदम, स्वस्तात न्या. १९७३ च्या ऑक्टोबरनंतर तेल भडकलं आणि दुसरं उत्तर जिंकलं. पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए तर त्याआधीच, १९७३ च्या जानेवारीत, कॉन्कॉर्डच्या रांगेतून बाहेर पडल्या होत्या. सगळा दोष तेलसंकटावर टाकतात ते मला म्हणूनच पूर्ण पटत नाही. तेल स्वस्त असतानाही सराईत कंपन्यांना आकडे दिसत होते.

आता जमीन. विमानानं आवाजाचा वेग ओलांडला की त्या क्षणी एकदाच 'धडाड' होतं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. विमान जोवर त्या वेगात आहे तोवर दाबाच्या लाटा त्याच्यामागे शंकूसारख्या ओढल्या जातात, जशा होडीमागे पाण्यात दोन रेघा जातात. हा शंकू जमिनीवरून जिथून फिरतो तिथल्या प्रत्येक माणसाला एकदा धमाका ऐकू येतो. म्हणजे विमान दोन हजार किलोमीटर गेलं तर दोन हजार किलोमीटर लांबीच्या आणि कित्येक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातली सगळी गावं दचकतात. तान्ही मुलं, आजारी माणसं, गोठ्यातली जनावरं, सगळीच.

लोकांना याची सवय होईल का, हे अमेरिकेनं १९६४ साली ओक्लाहोमा सिटीत अजमावून पाहिलं. सहा महिन्यांत शहरावरून १,२५३ धमाके केले. काचा तडकल्या, तक्रारींचे ढीग लागले, आणि शेवटी शेवटी चौथा हिस्सा लोक म्हणू लागले की आम्ही याच्यासोबत जगू शकत नाही. अमेरिकेनं १९७१ मध्ये आपल्या स्वतःच्या सुपरसॉनिक विमानाचा, बोइंग २७०७ चा, निधी बंद केला आणि १९७३ मध्ये जमिनीवरून नागरी विमानांनी आवाजाचा वेग ओलांडायला बंदी घातली. इतर देशांचं धोरणही तसंच राहिलं. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी १९७७ मध्ये लंडन–बहारीन–सिंगापूर अशी कॉन्कॉर्डसेवा सुरू केली, तेव्हा मलेशियानं तिसऱ्या फेरीनंतर हरकत घेतली, आणि भारतानंही आपल्या हद्दीत सुपरसॉनिक वेगाला परवानगी दिली नाही. रडतखडत चालून ती सेवा १९८० मध्ये बंद पडली. भारतानं केलं ते योग्यच होतं असं मला वाटतं. विमानात शंभर माणसं, त्यांच्यातलं इथे उतरणारं कुणी नाही, आणि खाली लाखो लोकांनी दचकायचं. कुठल्याही लोकनियुक्त सरकारला हे पटवून देणं कठीण आहे.

बंदीचा परिणाम मात्र दूरगामी झाला. जमीन वर्ज्य म्हणजे फक्त समुद्र उरला. त्यात कॉन्कॉर्डचा पल्ला सात हजार किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे पॅसिफिक एका दमात ओलांडणं अशक्य. श्रीमंत प्रवासी दोन्ही टोकांना भरपूर, मधे सगळा समुद्र आणि अंतर टाकीच्या आवाक्यात, अशा जोड्या जगाच्या नकाशावर शोधायला गेलात तर लंडन–न्यूयॉर्क आणि पॅरिस–न्यूयॉर्क यांच्यावर बोट ठेवल्यानंतर ते बोट फार पुढे सरकत नाही. सुरुवातीचे मार्गच बघा: २१ जानेवारी १९७६ ला लंडनहून विमान निघालं ते बहारीनला, आणि पॅरिसहून निघालं ते डकारमार्गे रिओला. न्यूयॉर्कनं गोंगाटाच्या कारणावरून दार बंद ठेवलं होतं, ते न्यायालयातून उघडेपर्यंत १९७७ चा नोव्हेंबर उजाडला.

इथे तिसरी अडचण येते, कारखान्याची. मार्ग दोन म्हणजे विमानं मूठभर. कॉन्कॉर्ड एकूण २० बांधली गेली, त्यातली प्रवासी सेवेत १४. नव्या विमानाच्या संशोधनाचा खर्च किती विमानांवर वाटला जातो यावर सगळं अवलंबून असतं. समजा, विमान आणि त्याचं इंजिन घडवायला १,००० कोटी डॉलर लागले. पाचशे विमानं विकली तर प्रत्येकावर २ कोटींचा बोजा. शंभर विकली तर १० कोटी. चौदाच गेली तर ७१ कोटी, म्हणजे ते विमान कुणी घेणारच नाही. कॉन्कॉर्डचं नेमकं हेच झालं. १९६२ साली अंदाज होता १५ ते १७ कोटी पौंडांचा, प्रत्यक्ष खर्च शंभर कोटी पौंडांच्या पुढे गेला. तो ब्रिटिश आणि फ्रेंच करदात्यांनी सोसला. सुट्या भागांचंही तेच. दोनशे विमानांसाठी बनणारा पंप आणि चौदा विमानांसाठी बनणारा पंप यांची किंमत सारखी असू शकत नाही.

तरीही 'कॉन्कॉर्ड नफ्यात होतं' असं तुम्ही वाचलं असेल. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. १९८० च्या दशकात ब्रिटिश एअरवेजनं आपल्या प्रवाशांना विचारलं, तुमच्या अंदाजानं तुमचं तिकीट केवढ्याचं असेल? बहुतेकांचं तिकीट त्यांचं ऑफिस काढायचं, त्यामुळे खरी किंमत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी सांगितलेले आकडे खऱ्या भाड्याहून जास्त निघाले. कंपनीनं भाडं त्या अंदाजापर्यंत वाढवलं आणि कॉन्कॉर्ड पैसे कमवू लागलं. व्यापारातली ही सुंदर गोष्ट आहे, मला ती मनापासून आवडते. पण तिच्यामागचा दुसरा आकडा सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. १९८४ मध्ये सरकारकडून हा सगळा पसारा कंपनीनं घेतला तो सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड आणि पहिल्या वर्षाचा नफा देऊन. शंभर कोटींहून जास्त खर्चून उभी राहिलेली वस्तू कवडीमोलानं हाती आली. घर वडिलांनी बांधून दिलं असेल तर खानावळ नफ्यात चालवता येते. घराचे हप्तेही खानावळीतूनच फेडायचे असतील तर ती चालेल का, याचं उत्तर कॉन्कॉर्डनं कधी दिलंच नाही. नव्या कंपन्यांना ते द्यावं लागणार आहे.

प्रवाशाच्या बाजूनंही हिशेब मांडू. लंडन–न्यूयॉर्कचे सात-आठ तास कॉन्कॉर्डनं साडेतीनवर आणले. पण विमानतळ गाठणं, तपासणी, थांबणं, उतरल्यावर शहरात जाणं, यात चार-साडेचार तास जातातच, आणि ते कुठल्याही इंजिनानं कमी होत नाहीत. म्हणजे दारापासून दारापर्यंत बारा तासांचे आठ झाले. वेग दुप्पट, वेळेची बचत एक तृतीयांश. आता समजा, नेहमीच्या बिझनेस क्लासपेक्षा तिकीट दीड लाख रुपयांनी महाग आहे. वाचलेल्या दर तासाचे सुमारे ३७,५०० रुपये झाले. ज्याच्या तासाची किंमत एवढी आहे त्यालाच हा सौदा परवडतो. अशी माणसं जगात आहेत, नाही असं नाही. ती एका मार्गावर, रोज, विमान भरण्याइतकी आहेत का, एवढाच प्रश्न.

दिशेनंही फरक पडतो. लंडनहून सकाळी साडेदहाला निघालेलं कॉन्कॉर्ड न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळात साडेनऊच्या आत पोचायचं, निघालो त्याच्या आधीच पोचलो! याची नवलाई खरीच होती. उलट्या दिशेला मात्र रात्री जेवून साध्या विमानात झोपावं आणि सकाळी लंडनला उठावं हे जास्त सोयीचं. १९९६ च्या सुमारास पहिल्या वर्गात आणि २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी आसनं आणली ती ब्रिटिश एअरवेजनंच. कॉन्कॉर्डची अरुंद आसनं आणि हा पलंग, दोन्ही एकाच दुकानात विकायला होते. आता त्या पलंगाशेजारी इंटरनेटही आलं आहे. आठ तास पूर्वी वाया जायचे, ते आज झोपेत किंवा कामात जातात, म्हणून वाचवलेल्या तासाची किंमत उतरली आहे.

२५ जुलै २००० ला पॅरिसजवळ एअर फ्रान्सचं कॉन्कॉर्ड कोसळलं. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे चार जण गेले. दुरुस्त्या करून नोव्हेंबर २००१ मध्ये विमानं परत उडाली, पण तोवर ११ सप्टेंबर घडून गेलं होतं आणि प्रवासी आटले होते. विमान बांधणाऱ्या कंपन्यांची वारस असलेल्या एअरबसला देखभालीचा भार नकोसा झाला. २४ ऑक्टोबर २००३ ला शेवटचे प्रवासी उतरले.

सोव्हिएत तू-१४४ ची गोष्ट याहून छोटी. ते कॉन्कॉर्डच्याही आधी, ३१ डिसेंबर १९६८ ला उडालं. प्रवासी घेऊन मॉस्को–अल्मा आता मार्गावर त्यानं १९७७-७८ मध्ये ५५ फेऱ्या केल्या आणि थांबलं. तिथे तर तिकीटविक्रीतून पैसे वसूल करायची सक्तीही नव्हती.

मग आता पुन्हा हा विषय का निघाला आहे? कारण या तीन गाठींपैकी एक सैल होताना दिसते आहे.

अमेरिकेत कोलोरॅडोतली बूम सुपरसॉनिक ही कंपनी 'ओव्हरचर' नावाचं ६० ते ८० आसनांचं विमान बनवू पाहते आहे. वेग माख १.७, म्हणजे आवाजाच्या एक पूर्णांक सात पट. कॉन्कॉर्डहून थोडा कमी, आणि तो जाणूनबुजून कमी ठेवलेला. कॉन्कॉर्डचं नाक उड्डाणात १२० अंशांच्या वर तापायचं, अख्खं विमान पंधरा-वीस सेंटिमीटरनं लांबायचं. वेग थोडा उतरवला की ही उष्णता बरीच कमी होते. त्यांच्या एक-आसनी चाचणी विमानानं, एक्सबी-१ नं, २८ जानेवारी २०२५ ला मोहावीच्या वाळवंटावर आवाजाचा वेग ओलांडला, आणि जमिनीवरच्या मायक्रोफोनना धमाका ऐकू आला नाही.

हे कसं, ते आपल्याला उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावरून कळेल. तापलेल्या रस्त्यालगतची हवा गरम असते, म्हणून वरून येणारा प्रकाशकिरण खाली टेकण्याआधीच वळून वर जातो आणि आपल्याला मृगजळ दिसतं. आवाजही तसाच वळतो. खालची हवा वरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून तिथे आवाजाचा वेग जास्त. विमान आवाजापेक्षा थोडंसंच वेगात असेल आणि पुरेशा उंचीवर असेल, तर धमाक्याची लाट खाली येता येता वळते आणि जमिनीला न लागता वर निघून जाते. पण हे साधारण माख १.१ ते १.३ पर्यंतच जमतं, तेही त्या दिवशीच्या हवामानावर अवलंबून. नासा वेगळ्या वाटेनं चालली आहे. तिचं एक्स-५९ हे चाचणी विमान २८ ऑक्टोबर २०२५ ला प्रथम उडालं. त्याचा आकारच असा निमुळता आणि लांब आहे की दाबाच्या लाटा एकत्र येऊन धमाका होऊच नये. वीस फुटांवर कुणी मोटारीचं दार लावावं एवढाच आवाज खाली यावा, असं उद्दिष्ट आहे. दरम्यान जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठवण्याची प्रक्रिया सुरू करायचा आदेश काढला. वेगावर बंदी न घालता आवाजावर मर्यादा घाला, हा विचार मला रास्त वाटतो. मर्यादा किती, हे मात्र खाली राहणाऱ्यांना विचारून ठरावं.

जमिनीची गाठ अशी सैल होत असली तरी हवेची गाठ तशीच आहे, आणि ती इंजिनात जास्त घट्ट बसली आहे. आजची विमानं कमी इंधन पितात आणि शांत असतात त्याचं मोठं कारण म्हणजे इंजिनापुढचा प्रचंड पंखा. बोइंग ७७७ च्या इंजिनाचा पंखा तीन मीटरहून रुंद असतो. तो पुष्कळ हवा हळू ढकलतो. सुपरसॉनिक विमानाला इतकं रुंद तोंड परवडत नाही, हवेचा विरोध आवरत नाही. त्याला बारीक इंजिन लागतं, आणि बारीक इंजिन थोडी हवा जोरात ढकलतं, म्हणून तहानलेलं आणि गोंगाटी असतं. २०२२ मध्ये विमानांची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉइस बूमच्या प्रकल्पातून बाहेर पडली. दुसरे मोठे इंजिनवालेही पुढे आले नाहीत. तेव्हा बूमनं 'सिम्फनी' नावाचं इंजिन स्वतःच बनवायचं ठरवलं. विमान नवं आणि इंजिनही नवं, दोन्हीचा खर्च एकाच घरावर. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीनं त्याच तंत्रावर आधारित, डेटा सेंटरला वीज पुरवणारी टर्बाइनं विकायचं जाहीर केलं. काहींना ही पळवाट वाटली. मला तो शहाणपणा वाटतो. कॉन्कॉर्डचं इंजिन चौदा विमानांपुरतंच राहिलं होतं. इंजिनाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर खर्च वाटायला जास्त वाटेकरी होतात.

ऑर्डरींच्या बातम्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. युनायटेड एअरलाइन्सनं १५ आणि अमेरिकन एअरलाइन्सनं २० ओव्हरचर विमानांची मागणी नोंदवली आहे, त्यावर आणखी पर्याय राखून. हे सगळं विमान ठरल्याप्रमाणे बनलं तर. असंच सुपरसॉनिक विमान बनवू पाहणाऱ्या एरिऑन नावाच्या कंपनीकडे ११ अब्ज डॉलरहून जास्त किमतीची मागणी नोंदलेली होती, तरी पैसे न उभारता आल्यामुळे २०२१ च्या मे महिन्यात तिला टाळं लागलं. इंधनाचा प्रश्नही उरतोच. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेनं २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार असं विमान प्रत्येक प्रवाशामागे साध्या विमानाच्या पाच ते सात पट इंधन जाळेल. हे इंधन वनस्पतींपासून किंवा टाकाऊ तेलापासून बनवू असं कंपन्या म्हणतात. ते इंधन आज महागही आहे आणि दुर्मिळही. जे थोडं बनतं ते आधी चारशे जणांच्या विमानाला द्यावं की सत्तर जणांच्या, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

आपल्याकडून न्यू जर्सीला लेकीकडे, नातवंडांकडे जाणारे कितीतरी आजी-आजोबा सोळा-सोळा तास आखडून बसतात. त्यांना यातून काय मिळेल? मुंबई–न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर, आणि ओव्हरचरचा जाहीर पल्ला ७,८७० किलोमीटर. म्हणजे लंडनला थांबावं लागणार. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, म्हणजे टाकी जेमतेम पुरेल, आणि वाटेत बहुतेक जमीन, म्हणून वेग आवाजाच्या किंचित खाली. धरा आठ तास. इंधन भरायला दीड तास. पुढे अटलांटिकवर खरा वेग, साडेतीन तास. झाले तेरा. सोळाचे तेरा, दोन उड्डाणांचं महागडं भाडं देऊन. तेवढ्या पैशांत आजच्या विमानात पाय पसरून झोपायची जागा मिळते, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना त्या तीन तासांपेक्षा ती जागा जास्त मोलाची आहे.